भाऊ अमेरिकन सिटिझन झाला, मग सोलापुरात युनिट टाकता येईल का? आणि कायदा बदलला तर जिल्हा वाढेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. धाकटा भाऊ न्यू जर्सीत आहे, सहा वर्षांपूर्वी तिकडचा सिटिझन झाला, मोहोळ तालुक्यात वडिलांची शेती आहे आणि त्याला तिथंच टॉवेल आणि शाळेचे युनिफॉर्म शिवायचं युनिट टाकायचंय, साठ-सत्तर जणांना काम मिळेल. गावातले लोक सांगतायत की नागरिकत्व गेलं, आता त्याला इथं काही करता येत नाही. म्हणून तुम्ही विचारताय की भारताने दुहेरी नागरिकत्व दिलं तर सोलापूरसारखे जिल्हे वर येतील का, बाहेरच्या देशांनी असले कायदे करून मागे राहिलेले भाग खरंच वाढवले का, आणि युनिटवर बिहार-यूपीची पोरं ठेवली तर चालतील का.

मी सोलापुरात २२ वर्षं वकिली करते. निम्मं काम जमिनीचं, वारस नोंदी, फेरफार, वाटणीपत्र, आणि निम्मं पासपोर्ट, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयाला भारत सरकार देतं ते कार्ड), परदेशातल्या मुलांचे मुखत्यारपत्र वगैरे. हे दोन्ही माझ्या टेबलावर एकत्रच येतं, कारण मुलगा परदेशात असतो आणि ७/१२ इथं असतो. त्यामुळे तुम्ही चार प्रश्न विचारलेत तरी मला त्यात एकच दिसतो, की माणूस आणि त्याचा पैसा एखाद्या जिल्ह्यात येतो तो कशाने आणि आल्यावर टिकतो कशाने. त्या अंगाने सगळं सांगते.

आधी भावाचं. घटनेच्या कलम ९ आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप जातं, वेगळा अर्ज करावा लागत नाही. त्याने भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घेतलंय का एवढं पहिलं बघा, बरेच जण जुना पासपोर्ट कपाटात तसाच ठेवतात आणि मग ओसीआयला अडकतात, दंडही बसतो. ओसीआय कार्ड काढलं की आयुष्यभराचा व्हिसा, इथं राहता येतं, नोकरी-धंदा करता येतो, फ्लॅट, दुकान, ऑफिस घेता येतं. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही. आणि गुंतवणुकीचं तर लोकांना माहीतच नसतं, पैसा परत बाहेर न्यायचा नाही अशा तत्त्वावर त्याने टाकला तर फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, २०१९ च्या नियमांमध्ये ती गुंतवणूक देशातलीच समजतात, परदेशी भांडवलाचे बरेचसे अडसर त्याला लागतच नाहीत. म्हणजे "नागरिकत्व गेलं, सगळं संपलं" हे साफ चूक आहे.

अडचण येते ती शेतजमिनीला. ओसीआयवाल्याला शेतजमीन, फार्महाऊस, मळ्याची जमीन विकत घेता येत नाही, फक्त वारसाने मिळू शकते. बार्शीकडचे एक गृहस्थ आठवतात, ह्यूस्टनला असायचे. वडील गेल्यावर तिन्ही भावांची वारस नोंद झाली, ७/१२ वर यांचंही नाव चढलं, काही अडलं नाही, वाट्याला साडेतीन एकर. त्यांना डाळमिल टाकायची होती. पण जमीन डांबरी रस्त्यापासून आत आणि मधे शेजाऱ्याचे १२ गुंठे, त्याशिवाय ट्रक आत जाणार नाही. शेजारी विकायला तयार, दर ठरला, दोघं इसार पावती करायला माझ्या ऑफिसात येऊन बसले, चहा झाला, आणि मी त्यांची ओसीआयची पुस्तिका उघडून बघितली आणि म्हटलं थांबा, हे होणार नाही. साडेतीन एकर नावावर राहू शकतात आणि त्याला लागून असलेले १२ गुंठे विकत घेता येत नाहीत हे त्यांना काही केल्या पटेना. "बाई, त्याच बांधावर मी गुरं राखलीत," म्हणाले. शेजारी बिचारा मोजलेल्या नोटा बघत बसला होता.

मग त्यांनी तेच सुचवलं जे सगळे सुचवतात, भावाच्या नावावर घेऊ, पैसे मी देतो. तिथं मी ठाम नाही म्हटलं, आणि तुम्हालाही तेच सांगते कारण तुमच्या घरात हाच विचार येणार. फेमाने ज्याला थेट घेता येत नाही त्याने दुसऱ्याच्या नावाने घेणं हा वेगळा गुन्हा होऊन बसतो, बेनामीचा कायदा २०१६ पासून फार कडक झालाय, आणि कायदा बाजूला ठेवला तरी दहा वर्षांनी त्या भावाच्या मुलांनी जमीन आमचीच म्हटलं तर तुमच्याकडे दाखवायला कागद नसतो. शेवटी आम्ही शेजाऱ्याकडून वहिवाटीच्या रस्त्याचा रजिस्टर करार करून घेतला, मोजणी, हद्दीच्या खुणा, फेरफार, मग जमीन बिगरशेती करायचं प्रकरण, चौदा महिने गेले. मिल उभी राहिली. पण तेवढ्या काळात त्यांनी दोनदा पुण्याला फ्लॅट बघून ठेवला होता हे नंतर मला सांगितलं.

आता दुहेरी नागरिकत्व. ते मिळालं असतं तर हे १२ गुंठे त्यांना घेता आले असते का? तिकडे राहून तर नाहीच. कारण शेतजमीन विकत घ्यायची मनाई एनआरआयलाही आहे, म्हणजे ज्याच्याकडे भारताचाच पासपोर्ट आहे पण जो बाहेर राहतो त्यालाही. तिथं पासपोर्टच्या रंगाचा संबंध नाही, राहण्याचा आहे. त्यात आपल्याकडे १९४८ चा कूळकायदा आहे, त्याच्या कलम ६३ मुळे जो शेतकरी नाही त्याला महाराष्ट्रात परवानगीशिवाय शेती घेता येत नाही, तो सोलापुरात जन्मलेला आणि इथंच राहणारा असला तरी. मग एवढा मोठा घटनेचा बदल करून तुमच्या भावाची नेमकी अडचण सुटत नाही. दुहेरी नागरिकत्वाने मत देता येईल, मनाला आपलेपणा वाटेल, आणि ते मी कमी लेखत नाही, रडणारी माणसं मी पासपोर्ट सरेंडर करताना बघितलीयत. २०२२ मध्ये २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडलं, २०२३ मध्ये २,१६,२१९ जणांनी, हे संसदेत सांगितलेले आकडे आहेत. पण जिल्ह्याच्या वाढीचं औषध म्हणून मी ते सुचवणार नाही.

मला जे बदल हवेसे वाटतात ते लहान आहेत आणि जागेला बांधलेले आहेत. आपलं सरकार उद्योगांना सवलत देताना तालुक्यांचे ए, बी, सी, डी, डी प्लस असे वर्ग करतं, मागे राहिलेल्या तालुक्यात कारखाना टाकला तर सवलत जास्त. म्हणजे पैशाला सूट देताना तालुका बघायचं सरकारला सुचलंय, पण माणसाला हक्क देताना तालुका कुठंच येत नाही, न्यू जर्सीहून परत येणारा पुण्यात येवो नाहीतर मोहोळात, त्याला सारखंच. अशा डी आणि डी प्लस तालुक्यांत, स्वतःच्या वारसाच्या जमिनीला लागून, ठरावीक गुंठ्यांपर्यंत, फक्त उद्योगासाठी, पाच वर्षांत युनिट चालू केलं नाही तर परवानगी रद्द, अशा अटींवर ओसीआयवाल्याला जमीन घेऊ द्यायला काय हरकत आहे? त्याला घटनेला हात लावावा लागत नाही, फेमाच्या नियमात दुरुस्ती पुरते.

दुसरं, परत नागरिक व्हायचा रस्ता कायद्यात आहे पण फार कमी जणांना ठाऊक. पाच वर्षं ओसीआय राहिलेला माणूस अर्जाच्या आधीचे १२ महिने भारतात राहिला तर नोंदणीने नागरिकत्व मागू शकतो, अर्थात अमेरिकेचं सोडून. २०१५ च्या दुरुस्तीने त्या १२ महिन्यांत विशेष कारण असेल तर ३० दिवसांपर्यंत बाहेर राहायची सूट केंद्र सरकार देऊ शकतं. आता सांगा, टॉवेल एक्स्पोर्ट करणारा माणूस वर्षात ३० दिवसांत काय काय करणार, खरेदीदारांच्या गाठी घेणार, प्रदर्शनाला जाणार, का तिकडे राहिलेल्या मुलीला बघून येणार? जो मागे राहिलेल्या जिल्ह्यात पन्नास जणांना पगार देतोय त्याला ती सूट ९० दिवसांची करा. एवढीशी गोष्ट आहे पण त्यावर माणूस यायचा किंवा थांबायचा निर्णय घेतो, मी बघितलंय.

बाहेरच्या देशांचं तुम्ही विचारलंत, तर हो, तिकडे कायद्यात जागा बघतात. कॅनडात प्रांत स्वतः माणसं निवडून केंद्राकडे शिफारस करतात, मॅनिटोबाने १९९८ मध्ये सुरुवात केली कारण सगळे येणारे टोरंटो-व्हँकुव्हरला जायचे आणि मॅनिटोबाच्या राजधानीला, विनिपेगला, कोणी येईना. अटलांटिक किनाऱ्यावरच्या चार प्रांतांसाठी २०१७ मध्ये पायलट सुरू झाला, २०२२ ला तो कायमचा केला. माझ्या एका क्लायंटची मुलगी त्यातून न्यू ब्रन्सविकला गेली, तिच्या कागदांत मला सगळ्यात आवडलेला कागद होता सेटलमेंट प्लॅन, म्हणजे घर कुठं बघायचं, बाळाला शाळा कुठली, भाषेचा क्लास कुठं, हे येण्याआधी लिहून द्यायचं. ऑस्ट्रेलियाचा ४९१ व्हिसा २०१९ च्या नोव्हेंबरपासून आहे, पाच वर्षांचा, सिडनी-मेलबर्न-ब्रिस्बेन सोडून बाकी भागात राहायचं आणि तीन वर्षं तिथं काढली की कायम राहण्यासाठी अर्ज करता येतो. अमेरिकेत ईबी-५ म्हणून गुंतवणुकीवरचं ग्रीन कार्ड आहे, २०२२ मध्ये कायदा सुधारून त्यातले २० टक्के व्हिसा ग्रामीण भागासाठी राखून ठेवले आणि तिथं रक्कमही कमी ठेवली, ८ लाख डॉलर, सवलत नसलेल्या ठिकाणी साडेदहा लाख. आणि डॉक्टरांसाठी कॉनरॅड-३० आहे, जे-१ व्हिसावर शिकायला गेलेल्या डॉक्टरने दोन वर्षं मायदेशी परतायचं असतं, पण डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम केलं तर ती अट माफ होते, दर राज्याला वर्षाला ३० जागा. सोलापुरात एमबीबीएस झालेला एक मुलगा मला फोनवर सांगत होता, मॅडम, माझ्या हॉस्पिटलच्या चाळीस मैलांत दुसरा हृदयाचा डॉक्टर नाही.

पण या सगळ्यात एक फरक बघा, माझ्या मते तोच मुद्दा आहे. कॅनडात परमनंट रेसिडेन्सी हातात आली की माणूस कुठल्याही प्रांतात जाऊ शकतो, त्यांच्या घटनेनेच तो हक्क दिलाय, त्यामुळे प्रांताला त्याला धरून ठेवायला चांगलं वागवावं लागतं. उलट अमेरिकेचा एच-१बी, म्हणजे कुशल नोकरदारांचा व्हिसा, मालकाला बांधलेला. नोकरी गेली की ६० दिवस, तेवढ्यात नवीन मालकाने अर्ज टाकला नाही तर बॅग भरा. त्यात नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,००० आणि एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, म्हणून आपली पोरं दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं रांगेत. असा माणूस घर घेताना घाबरतो, धंदा सुरू करत नाही, वरिष्ठाशी वाद घालत नाही. त्या गावाला त्याच्याकडून जेवढं मिळायला हवं तेवढं मिळत नाही. हक्क माणसाच्या स्वतःच्या हातात असतो तेव्हा तो त्या जागेत पैसा आणि जीव दोन्ही ओततो, आणि मालकाच्या हातात असतो तेव्हा तो फक्त पगार घेऊन दिवस मोजतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये, आपलं सोलापूरच याचा पुरावा आहे. जुनी मिल १८७७ ची. पुढे तेलंगणातनं पद्मशाली विणकर आले, तो भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आपण ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात, म्हणजे १९४८ पर्यंत ते कागदावर दुसऱ्या राज्यातनंच आले होते. पूर्व भागात घराच्या पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार, असं बसत गेले. मिलमध्ये साचेवाला म्हणून लागायचं आणि घरी स्वतःचा माग टाकायचा, मग पॉवरलूम, मग अक्कलकोट रोडला शेड. आज सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, ते बहुतांशी त्या हातांचं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तेव्हा अर्धं शहर रस्त्यावर असतं आणि तेलुगू, कन्नड, मराठी कोण कुठल्या भाषेत बोलतंय याकडे कोणाचं लक्ष नसतं. सगळ्यांचंच भलं झालं असं म्हणणार नाही, विड्या वळून बोटं झिजलेल्या बायका मी माझ्या पायरीवर रोज बघते. पण ती माणसं टिकली, कारण घर आणि माग एकाच जागी होते आणि कोणी मालक त्यांना तिथनं उठवू शकत नव्हता.

आता तुमच्या युनिटवरच्या पोरांचं. ते भारताचेच नागरिक, कलम १९ ने त्यांना देशात कुठंही फिरायचा, राहायचा हक्क आहे, त्यांना कसलाही परवाना लागत नाही. तरी व्यवहारात त्यांची अवस्था परदेशी माणसासारखीच होते. अक्कलकोट रोडच्या एका युनिटमध्ये मी कामानिमित्त जायची, शेडच्याच वरच्या पत्र्याखाली पोरं राहायची, एकाचा पत्ता आधारवर दरभंगा, रेशन तिकडे, बायको-मुलगी इकडे आणायची म्हटलं तर भाडेकरार कोणी करून देईना आणि शाळेत मुलीला घेताना दाखला मागितला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळी गेली आणि निम्मीसुद्धा परत आली नाहीत. मालक म्हणाला, "वकीलबाई, शिकवून तयार केलेली पोरं गेली, आता मशीन नुसतं बघत बसलोय."

कायदा आता थोडा सुधारलाय. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा ठेकेदाराने आणलेल्यांनाच धरायचा. नवीन कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, त्यात जो स्वतःहून आलाय आणि पगार १८,००० पर्यंत आहे तोही स्थलांतरित कामगार धरला जातो, दहा किंवा जास्त असे कामगार असतील तर गावी जाऊन यायचा भत्ता द्यावा लागतो. रेशनही आता कुठल्याही राज्यातनं उचलता येतं. पण भाडेकरार हा कायद्याने मिळत नाही, तो तुम्ही करून द्यायचा आहे. माझा आग्रह आहे की युनिटच्या पहिल्या खर्चातच पोरांच्या राहण्याची रजिस्टर लिव्ह अँड लायसन्स धरा, कंपनीच्या नावाने नको, पोरांच्याच नावाने. त्यावर पत्ता बदलतो, मुलीची शाळा होते, गॅस मिळतो. उद्या तुमची नोकरी सोडली तरी खोली त्याची राहील आणि त्याने तो शेजारच्या युनिटला जाईल अशी भीती तुम्हाला वाटेल, तर जाऊ दे, सोलापुरातच राहील ना.

उलट्या बाजूचंही थोडं. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला. जर्मनीने २७ जून २०२४ पासून नागरिकत्वासाठी आठऐवजी पाच वर्षं केली आणि मूळ देशाचं सोडायची अटही काढली. पण आपल्या बाजूचं कलम ९ तसंच आहे, त्यामुळे तिकडच्या कायद्याने दोन्ही ठेवता येत असले तरी इकडच्याने येत नाहीत, मुलगा जर्मन झाला की तुमच्या भावाच्याच रांगेत उभा राहणार.

तुमच्या बाबतीत बरंच काही अवलंबून आहे ते तीन गोष्टींवर. वडिलांच्या जमिनीची वाटणी झालीय का, भाऊ स्वतः येऊन राहणार का तिकडनंच बघणार, आणि पैसा पुढं कधी परत न्यायचाय का. वाटणी झाली नसेल तर आधी ती रजिस्टर करून घ्या, नाहीतर बिगरशेतीच्या प्रकरणात प्रत्येक हिस्सेदाराची सही लागेल. जमीन रस्त्याला लागून नसेल तर त्यात अडकू नका, चिंचोळी एमआयडीसीत प्लॉट किंवा चालू शेड बघा, तीही मोहोळ तालुक्यातच येते, भाडेपट्ट्याने मिळते आणि शेतजमिनीचा प्रश्नच येत नाही, कंपनी काढून तिच्या नावाने घ्या. आणि न्यू जर्सीहून पहिले पैसे निघायच्या आधी ते एनआरई खात्यातनं (बाहेरच्या कमाईचं, पैसा मोकळेपणाने परत नेता येतो) येणार का एनआरओमधनं (इथल्या उत्पन्नाचं, परत न्यायला मर्यादा), परत नेण्याच्या तत्त्वावर का न नेण्याच्या, हे सीएकडून लेखी ठरवून घ्या. न नेण्याच्या तत्त्वावर टाकलेलं उद्या युनिट विकून एनआरओ खात्यात आलं तरी वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतं, त्यामुळे त्या शब्दाला भाऊ घाबरत असेल तर त्याला हे सांगा. सरेंडर सर्टिफिकेट, ओसीआय, ताजा ७/१२, ८-अ आणि वारस नोंदीचा फेरफार एवढं एका फाईलला लावून ठेवा, कोणत्याही वकिलाकडे गेलात तरी तो पहिले हेच मागेल.